दक्षिण चीनमधील सण पाहायचे असतील, तर तारीख कोण ठरवतो ते आधी विचारावे

प्रश्न असा आहे : एप्रिल महिन्यात दोन-तीन आठवडे दक्षिण चीनमध्ये फिरण्याची सवड आहे आणि तेथील अल्पसंख्याक समाजांचे सण पाहण्याची इच्छा आहे, तर कोणते सण निवडावेत, त्यांच्या तारखा कशा शोधाव्यात, आणि जे पाहायला मिळेल ते खरे असेल की पर्यटकांसाठी मांडलेले? युन्नान, गुइझोऊ आणि ग्वांगशी या प्रदेशांत अभ्यासगट घेऊन जाण्याचे आणि तेथे दुभाषाचे काम मी अनेक वर्षे करत आले आहे. या तिन्ही प्रश्नांपैकी तारखेचा प्रश्न लोक सर्वांत किरकोळ समजतात. माझ्या मते तो नीट सोडवला, तर उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्यातच सापडतात, कारण सणाची तारीख कोण ठरवतो यावरून तो सण कोणाचा आहे हे कळते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. चीनमध्ये बहुसंख्य हान समाज धरून ५६ समाजांना अधिकृत मान्यता आहे. ही यादी काही प्राचीन काळापासून चालत आलेली नाही. १९५३ च्या जनगणनेत लोकांना आपल्या समाजाचे नाव स्वतःच सांगण्याची मुभा दिल्यावर चारशेहून अधिक नावे नोंदली गेली आणि त्यांतील सुमारे २६० एकट्या युन्नानमधील होती. त्यानंतर भाषाशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ यांच्या पथकांनी पाहण्या करून या नावांचे गट पाडले. शेवटची मान्यता १९७९ मध्ये युन्नानमधील जिनो समाजाला मिळाली. परिणामी ‘मियाओ’ या एका नावाखाली असे अनेक गट आले की ज्यांच्या बोली एकमेकांना समजत नाहीत, ज्यांचे पोशाख वेगळे आहेत आणि ज्यांचे नववर्षही एका दिवशी येत नाही. म्हणून ‘मियाओंचा सण कधी असतो’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘अमुक नदीकाठच्या अमुक गावांतील मियाओंचा सण कधी असतो’ या प्रश्नाला आहे.

तारखांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक सोय आहे, जी युरोपातून येणाऱ्या प्रवाशाला नसते. चिनी चांद्र महिना आपल्या अमान्त महिन्याप्रमाणेच अमावास्येपासून मोजला जातो, त्यामुळे त्याची तिसरी तारीख ही ढोबळमानाने आपली शुद्ध तृतीया आणि पंधरावी म्हणजे पौर्णिमा असते. अधिक महिना त्यांच्याकडेही येतो. फरक इतकाच की आपला अधिक मास पुढच्या महिन्याचे नाव घेतो आणि त्यांचा मागच्या महिन्याचा क्रमांक. चिनी तिसरा महिना काही वर्षी आपला चैत्र असतो, तर काही वर्षी वैशाख. २०२४ मध्ये तिसऱ्या महिन्याची तृतीया ११ एप्रिलला आली, तेव्हा आपल्याकडे चैत्र शुद्ध तृतीया होती. त्याआधीच्या वर्षी चीनमध्ये दुसरा महिना दुबार आल्यामुळे तीच तिथी २२ एप्रिलला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला पडली. भिंतीवरच्या पंचांगावरून जुळवाजुळव करताना हा एका महिन्याचा फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर विमानाचे तिकीट चुकीच्या महिन्याचे निघते.

आता या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेकडे वळू. चिनी भाषेत ‘सान-य्वे-सान’ म्हणून ओळखला जाणारा हा सण ग्वांगशीतील झुआंग समाजाचा सर्वांत मोठा सण आहे. झुआंग हा चीनमधील सर्वांत मोठा अल्पसंख्याक समाज असून २०२० च्या जनगणनेनुसार त्याची संख्या एक कोटी नव्वद लाखांच्या वर आहे. या दिवशी गावाबाहेरच्या माळावर गाण्यांची जत्रा भरते. एका गावचे तरुण आणि दुसऱ्या गावच्या तरुणी समोरासमोर उभे राहून एकमेकांना गाण्यातून प्रश्न घालतात आणि उत्तरे देतात. ल्यू सानजिए ही दंतकथेतील गायिका या परंपरेची अधिष्ठात्री मानली जाते. घरोघरी पाच रंगांचा चिकट भात शिजतो. काळा रंग ‘फंग’ नावाच्या, शिलारस देणाऱ्या झाडांच्या कुळातील वृक्षाची पाने ठेचून भिजवल्याने येतो, पिवळा एका रानझुडपाच्या वाळलेल्या फुलांचा असतो, तांबडा आणि जांभळा एकाच वनस्पतीच्या दोन जातींच्या पानांपासून मिळतात आणि पाचवा म्हणजे तांदळाचा स्वतःचा पांढरा. नान्निंगजवळच्या वूमिंग भागात आणि इतरत्रही अनेक कुटुंबे या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून हा भात तेथे ठेवतात. प्रवासी बहुधा संध्याकाळचा रंगमंच पाहून परततात. सकाळी थडग्यांवर जाणारी कुटुंबे त्यांच्या कार्यक्रमात नसतात, आणि परक्या माणसाने त्यांच्यामागे जाऊही नये.

या सणाची तारीख पंचांगाने ठरते, पण सुट्टी सरकारने ठरवली. ‘सरंजामी अंधश्रद्धा’ म्हणून सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पाडलेल्या गाण्यांच्या जत्रा १९७८ नंतर हळूहळू पुन्हा भरू लागल्या, आणि २०१४ पासून ग्वांगशीच्या प्रादेशिक सरकारने या सणाला सर्व रहिवाशांसाठी, म्हणजे हानांसाठीही, दोन दिवसांची सार्वजनिक सुट्टी दिली. यामुळे शहरांत सणाला मोठे रूप आले आहे. मात्र ग्वांगशीतील तरुणांचा मोठा भाग शेजारच्या ग्वांगतोंग प्रांतातील कारखान्यांत काम करतो आणि तेथे ही सुट्टी लागू नाही. ज्यांनी गायचे ते कामावर आणि ज्यांना गाता येत नाही ते सुट्टीवर, अशी काहीशी विचित्र अवस्था त्यातून निर्माण होते.

एप्रिलच्याच मध्यावर येणारा दाय समाजाचा पाणी उडवण्याचा सण वेगळ्या गणिताचा आहे. दाय लोक युन्नानच्या दक्षिण टोकाला शिश्वांगबान्ना येथे आणि म्यानमारच्या सीमेवरील दहोंग येथे राहतात आणि थेरवादी बौद्ध आहेत. त्यांची कालगणना इसवी सन ६३८ पासून सुरू होते आणि नववर्ष सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशाशी बांधलेले आहे. म्हणजे थायलंडचा सोंगक्रान, केरळची विषू आणि पंजाबची बैसाखी यांच्याच पंक्तीतला हा सण आहे, चिनी चांद्र पंचांगाशी त्याचा संबंध नाही, आणि म्हणून तो दरवर्षी १३ ते १५ एप्रिलच्या आसपासच येतो. विहारात वाळूचे स्तूप रचतात, बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने स्नान घालतात, मेकाँगच्या पात्रात लांब होड्यांच्या शर्यती होतात, बांबूचे अग्निबाण सोडतात. राक्षसाचे तोडलेले मुंडके जमिनीवर पडले की आग लागते, म्हणून त्याच्या सात बायका ते पाळीपाळीने हातात धरतात आणि प्रत्येकीच्या अंगाला लागलेले रक्त धुण्यासाठी पाणी ओततात, अशी या सणाची कथा आहे. थायलंडमध्ये हीच गोष्ट ब्रह्माच्या मस्तकाची आणि त्याच्या सात मुलींची म्हणून सांगितली जाते, हे आपल्याकडील वाचकाला मौजेचे वाटेल. १९६१ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी दाय पोशाख घालून शिश्वांगबान्नातील जिंगहोंग शहरात या सणात भाग घेतला होता आणि त्याच वेळी तेथे ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांची त्यांच्याशी भेट झाली होती. सीमेवरच्या सणाला राजकीय वजन कसे येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जिंगहोंगपासून काही अंतरावर गानलानबा येथील दाय उद्यानात हाच पाणी उडवण्याचा कार्यक्रम रोज दुपारी होतो. त्याला खोटे म्हणण्याची घाई करू नये. पाणी उडवणाऱ्या मुली दाय आहेत आणि आसपासची गावे खरीखुरी वसलेली आहेत. पण त्या कार्यक्रमाची वेळ तिकीटखिडकी ठरवते, विहार ठरवत नाही, आणि तेवढ्याने त्याचे स्वरूप स्पष्ट होते. मला विचाराल तर एप्रिलमध्ये तेथे असताना सकाळचा वेळ एखाद्या लहान खेड्यातील विहारात काढावा आणि शहरातील जलयुद्धासाठी दुपार राखून ठेवावी. फोन मात्र प्लास्टिकच्या पिशवीत हवा.

माझा स्वतःचा ओढा गुइझोऊच्या आग्नेय भागाकडे आहे, कारण तारखेचे राजकारण आणि तारखेचे शेतीशी असलेले नाते तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. तायजियांग तालुक्यातील शिदोंग आणि आसपासच्या मियाओ गावांत तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला बहिणींच्या भाताचा सण येतो. मुली डोंगरावरून पाने-फुले गोळा करून चिकट भात रंगवतात, भातखाचरांतून मासे पकडतात आणि भेटायला आलेल्या मुलांना टोपलीतून किंवा रुमालातून भात देतात. उत्तर त्या भातात दडलेले असते. आत जेवणाच्या काड्यांची जोडी निघाली तर होकार, लसूण किंवा मिरची निघाली तर नकार, आणि पाइनच्या सुया निघाल्या तर पुढच्या भेटीला रेशमी दोरा आणि भरतकामाच्या सुया आणाव्यात असा संकेत असतो. दुपारी नदीकाठी ढोलाभोवती फेर धरला जातो. काही किलो वजनाची चांदी अंगावर घालून मुली नाचतात, आणि प्रत्येकीच्या मागे तिची आई पिना सावरत, शिंगांचा मुकुट सरळ करत उभी असते. ही चांदी म्हणजे अनेक घरांची साठवलेली मिळकत आहे, त्यामुळे त्या नाचात मुलीइतकेच आईचेही प्रदर्शन असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. हा सण २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत आला. आता त्याचा मुख्य सोहळा तालुक्याच्या गावी, शोभायात्रा आणि भाषणांसह होतो. शोभायात्रा पाहण्यासारखी असते, कारण एरवी कधीही एकत्र न येणारे दूरदूरच्या खोऱ्यांतील पोशाख एका रस्त्यावर दिसतात. परंतु भात आणि ढोल पाहायचा असेल तर नदीकाठच्या गावांतच मुक्काम करावा.

मियाओंच्या बाबतीत माझी एक खूणगाठ आहे. लुशंग हे बांबूच्या नळ्यांचे वाद्य या समाजाची ओळख आहे, पण या भागातील अनेक गावांत भाताच्या लावणीपासून नवे पीक येईपर्यंत ते वाजवत नाहीत. त्या काळात वाजवले तर पिकाला बाधा येते, असा समज आहे. लुशंगचे मेळे म्हणून कापणीनंतर आणि चिनी नववर्षाच्या पहिल्या महिन्यात भरतात. शीजियांगसारख्या प्रसिद्ध, हजार घरांच्या गावात भर जूनमध्ये रोज लुशंग ऐकू येतो. तो वाजवणारे लोक मियाओच असतात, केवळ त्यांच्या वाद्याने शेतीचे वेळापत्रक सोडून पर्यटनाचे वेळापत्रक धरलेले असते. भाताच्या खाचरांवरून पोट भरत होते तेव्हा पहिले पाळणे शहाणपणाचे होते, आणि आता घरच्या अंगणात पगार मिळत असेल तर दुसरे पाळण्यात मला काही पाप दिसत नाही.

याच भागात ‘गूत्सांग’ नावाचा पूर्वजांचा महोत्सव आहे, जो बारा वर्षांच्या चक्रातून एकदाच येतो आणि ज्याची तारीख गावाचे वंशपरंपरागत प्रमुख ठरवतात. पोकळ खोडाच्या ढोलात पूर्वजांचे आत्मे वास करतात असे मानतात, त्यांना जागवण्यासाठी म्हशी किंवा डुकरे बळी दिली जातात. मियाओंच्या कथेत सर्व जीवांची आई असलेले फुलपाखरू फंग वृक्षाच्या खोडातून जन्मले, हा तोच वृक्ष, ज्याच्या पानांनी झुआंग घरांतला भात काळा होतो, आणि भरतकामात पुन्हा पुन्हा दिसणारी फुलपाखरे त्या आईची असतात. या महोत्सवाला निमंत्रणाशिवाय जाऊ नये. नातेवाइकांची इतकी गर्दी असते की प्रवाशाला झोपायला जागा मागणे हेच यजमानावर संकट ठरते.

दोंग समाजाकडे येताना सणापेक्षा गाण्याबद्दल बोलावे लागते. दोंग गावाच्या मध्यभागी लाकडी सांध्यांवर उभारलेला, एकावर एक छपरांचा ढोल-मनोरा असतो. चाओशिंग या गावात पाच कुळांचे असे पाच मनोरे आहेत. मनोऱ्याखाली बसून गावकरी ‘महागीत’ गातात, ज्यात अनेक स्वरपट्ट्या एकाच वेळी चालतात, पण वाद्यसाथ नसते आणि हातवारे करून गाणाऱ्यांना सांभाळणारा कोणी संचालकही नसतो. रानातील किडे आणि पक्षी यांचे आवाज त्या स्वरांत मिसळलेले असतात. दोंग भाषेसाठी रोमन लिपी १९५८ मध्ये तयार झाली, तोपर्यंत वंशावळी, कायदे आणि नीतीचे नियम गाण्यांतूनच पुढच्या पिढीकडे जात होते. म्हणून ‘अन्न शरीर पोसते, गाणे मन पोसते’ ही त्यांची म्हण नुसता अलंकार नाही. १९८६ मध्ये दोंग गायिकांनी पॅरिसमध्ये कार्यक्रम केला आणि २००९ मध्ये युनेस्कोने महागीताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ज्यावर मी भर देईन ती गोष्ट मात्र यादीत दिसत नाही : पारंपरिक पद्धतीत महागीत गावातल्या गावात गात नाहीत. एका गावचा पुरुषांचा गट दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो आणि तेथील स्त्रियांच्या गटासमोर बसून रात्रभर गातो. पुढच्या खेपेस यजमान पाहुणे होतात. गावांनी गावांना भेटण्याच्या या प्रथेची तारीख दोन गावे आपसात ठरवतात, आणि तिचे पत्रक कोठेही छापले जात नाही. एखाद्या दोंग माणसाची ओळख असेल, तरच ती कळते.

श्वेइ समाजाचा ‘दुआन’ हा सण तारखेच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण आहे. गुइझोऊच्या दक्षिणेस सानदू परिसरात राहणाऱ्या या समाजाची स्वतःची लिपी आणि कालगणना आहे, आणि वर्ष भाताच्या कापणीनंतर, म्हणजे चिनी नवव्या महिन्याच्या सुमारास बदलते. सगळी गावे नववर्ष एकाच दिवशी साजरे करत नाहीत. गावांचे गट ठरलेले आहेत आणि आठव्या ते दहाव्या महिन्यांदरम्यान, बारा दिवसांच्या चक्रातील वराहाच्या दिवशी, पाळीपाळीने एकेका गटाचा सण येतो. त्यामुळे आज यजमान असलेला माणूस पुढच्या पाळीला सासुरवाडीला पाहुणा असतो. आदल्या रात्री पूर्वजांना नैवेद्य दाखवताना मांस वर्ज्य असते, पण मासा चालतो, किंबहुना कांद्याच्या पातीसारखी भाजी भरून शिजवलेला मासा हाच मुख्य नैवेद्य असतो. दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या शर्यती होतात. याच्या अगदी उलट उदाहरण याओ समाजाच्या पानवांग सणाचे आहे. पूर्वी याओंच्या निरनिराळ्या शाखा कापणीनंतर आपापल्या सोयीने आदिपूर्वजाचा हा उत्सव करत. १९८४ मध्ये याओ प्रतिनिधींनी एकत्र बसून दहाव्या महिन्याची सोळावी तिथी सर्वांसाठी निश्चित केली. अनेक डोंगरांत विखुरलेल्या लोकांना त्यामुळे एक समाईक दिवस मिळाला, आणि कित्येक स्थानिक दिवस मागे पडले.

यी लोकांचा मशालींचा सण सहाव्या महिन्याच्या चोविसाव्या तिथीला, म्हणजे कृष्ण नवमीच्या सुमारास येतो. भातशेतीच्या काठाने मशाली फिरवण्यात कीटक जाळण्याचा व्यवहारही आहे. बाय आणि नाशी हेही तो करतात. एप्रिलच्या प्रवासाशी त्याचा संबंध नसल्याने येथे एवढेच पुरे. युन्नानमधील ताली येथील बाय लोकांचा ‘तिसऱ्या महिन्याचा बाजार’ मात्र बहिणींच्या भाताच्याच पौर्णिमेला सुरू होऊन आठवडाभर चालतो, म्हणून एका प्रवासात दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ती करताना मी प्रथम खेपेस गुइझोऊच सुचवते.

खरेपणाबद्दल आपण जे विचारले आहे, त्याचे एक ताजे उदाहरण देते. तायजियांग तालुक्यातील तायपान गावात सहाव्या महिन्याच्या सहाव्या तिथीला नवे धान्य चाखण्याचा सण असतो आणि त्या निमित्ताने गावागावांत बास्केटबॉलचे सामने होतात. २०२२ मध्ये त्यांची चित्रफीत देशभर पसरली. बक्षीस म्हणून बैल मिळतो आणि मध्यंतरात मियाओ पोशाखातील बायका नाचतात. पुढच्या वर्षी शेजारच्या रोंगजियांगमध्ये गावांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, जिच्या मध्यंतरांत दोंग महागीतही ऐकू येते. शुद्ध परंपरेच्या शोधात निघालेला प्रवासी येथे नाक मुरडतो. पण सामन्याची तारीख सणाने ठरवलेली आहे, संघ गावाचे आहेत, जेवण गावाने शिजवलेले आहे आणि बाहेरगावी कामाला गेलेली मुले त्यासाठी सुट्टी काढून परत येतात. माझ्या कसोटीला हा सण पुरेपूर उतरतो, रोज दुपारी होणारा पाण्याचा कार्यक्रम उतरत नाही.

आता प्रवासाच्या काही व्यावहारिक बाबी. २०१४ च्या अखेरीस गुइयांग ते ग्वांगचौ हा वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून दोंग प्रदेश सोपा झाला आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चीन-लाओस रेल्वेने खुनमिंगहून शिश्वांगबान्नाला काही तासांत जाता येते. तारखांसाठी मोठ्या सोहळ्यांच्या तालुका पातळीवरील घोषणा सणाच्या थोडेच आधी होतात, म्हणून तिथीवरून स्वतः हिशेब करून ठेवावा आणि गावातील मुक्कामाच्या यजमानाकडून तो पक्का करून घ्यावा. मियाओ गावाच्या वेशीवर शिंगातून तांदळाची दारू पुढे केली जाते. हात मागे ठेवून ओठ लावले तर एक घोट पुरतो, शिंगाला हात लावला तर सगळी संपवावी लागते. दारू घेत नसाल तर आधीच वाटाड्यामार्फत कळवावे, त्याचा कोणाला राग येत नाही. बाजारात ‘मियाओ चांदी’ म्हणून विकले जाणारे बहुतेक दागिने तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात. ते तसे समजून घेतले तर किंमत योग्य वाटते. शाकाहारी मंडळींनी चिकट भात, रताळी, उकडलेली अंडी चालत असल्यास अंडी, आणि सोबत नेलेल्या चटण्या यांवर भिस्त ठेवावी, कारण भाजी बहुधा डुकराच्या चरबीत परतलेली असते आणि सणाच्या दिवशी चुलीवरच्या बाईला वेगळी कढई मागणे शक्य नसते.